मदत हवी आहे: ॲडमिरल ब्रॉडवे रिव्ह्यू (1949) चे पूर्ण भाग कुठे बघता येतील?

नमस्कार मंडळी, सुरुवातीच्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांवर एक मोठा लेख लिहितोय आणि या एका शोवर अडकलोय. विनोदी कलाकार सिड सीझर आणि इमोजिन कोका, निर्माता मॅक्स लीबमन, न्यूयॉर्कहून दर शुक्रवारी लाइव्ह, एनबीसी आणि ड्यूमाँट या दोन्ही अमेरिकन टीव्ही नेटवर्कवर एकाच वेळी. जानेवारीत सुरू झाला आणि जूनमध्ये बंद, तेही चालत नव्हता म्हणून नाही तर इतका चालला की प्रायोजक ॲडमिरल कंपनीच्या टीव्ही सेटना मागणी पुरवता येईना, मग पैसा शोऐवजी कारखान्यात! मला तर हा किस्साच लेखाचा गाभा वाटतो.

यूट्यूब आणि इंटरनेट आर्काइव्ह पालथं घातलंय. या नावाने टाकलेल्या बऱ्याच क्लिप्स याच जोडीच्या नंतरच्या 'युअर शो ऑफ शोज'च्या निघतात, विनोदी अभिनेता कार्ल रायनर दिसला की समजायचं, तो 1950 मध्ये आला. त्यामुळे प्लीज सुटे तुकडे नकोत, पूर्ण तासाचा भाग हवाय, मॉनिटरसमोर कॅमेरा लावून घेतलेली किनेस्कोप प्रिंट कितीही धूसर असली तरी चालेल. कॉपी नको, नुसतं बघायचंय. मी पुण्यात, अमेरिकेला जाणं शक्य नाही, पण मावसभाऊ न्यू जर्सीत आहे, तो एखादा दिवस काढेल.

पेली सेंटर, लायब्ररी ऑफ काँग्रेस किंवा यूसीएलए विद्यापीठ, या जुने टीव्ही कार्यक्रम जपणाऱ्या अमेरिकन संस्थांपैकी कुठे कोणी असं जुनं फुटेज प्रत्यक्ष बघितलंय का, आणि संशोधकाच्या वतीने दुसऱ्याला बसून बघू देतात का?