मदत हवी आहे: लिपिडच्या पुटिका फुटतच नाहीत

नमस्कार मंडळी. मी लातूरला एम.एस्सी.ला आहे. सोया लेसिथिनचा (सोयाबीनमधल्या लिपिडांचं, म्हणजे स्निग्ध पदार्थांचं मिश्रण) दुपदरी पडदा आपोआप कसा जुळतो, हा प्रोजेक्ट घेतलाय (सोयाबीनला आपल्याकडे काय तोटा!).

फ्लास्कच्या तळाशी वाळलेल्या लेसिथिनवर पाणी घालून हलवलं की थर सुटून त्याच्या पुटिका (पडद्याचे सूक्ष्म, पोकळ गोळे) बनतात, पाणी दुधाळ होतं. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) पुटिकांचा आकार कळतो, पण तो सगळं उरकल्यावरचा. मला घडतानाचं हवंय. म्हणून पुण्यातल्या एका लॅबला विनवण्या करून क्यूसीएम-डीवर (कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर किती वस्तुमान चिकटलं, ते वारंवारतेवरून सांगणारं यंत्र) वेळ मिळवला. क्रिस्टलवरच्या सिलिकाच्या थरावर पुटिका आधी चिकटतात, वारंवारता बरीच खाली जाते. मग त्या फुटून सपाट पसरल्या की ५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ती वर येऊन साधारण उणे २५ हर्ट्झला थांबते, डिसिपेशन (कंपनाची वाया जाणारी ऊर्जा; थर मऊ असला की जास्त) जवळपास शून्य होतं. माझा आलेख खाली जातो आणि तिथंच ठाण मांडतो. डिसिपेशनही चढलेलंच.

सेन्सर (म्हणजे तोच क्रिस्टल) यूव्ही-ओझोननं साफ केलेला होता. सिलिकावर ऋण भार, लेसिथिनमध्येही थोडे ऋणभारित लिपिड, म्हणजे दोघं एकमेकांना ढकलणार; मला तरी गोम तिथंच वाटते. बफरमध्ये २ मिलिमोलर कॅल्शियम घालू, की सरळ शुद्ध फॉस्फॅटिडिलकोलिन (लेसिथिनमधलंच, पण एकूण भार नसलेलं लिपिड) घेऊ? ते खिशाला झेपत नाही, हेही ध्यानात घ्या. कुणी केलं असेल तर सांगा. संभाजीनगर-नांदेडकडं कुणाकडे फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोप असेल तर तेही कळवा.