प्ले-ऑफ म्हणजे तिसऱ्या क्रमांकाला शिक्षाच का?

गोलफरक (धागाकर्ता)
चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत, २४ संघ, प्रत्येकी ४६ सामने. पहिले दोन थेट वरच्या श्रेणीत, प्रीमियर लीगमध्ये जातात. उरलेल्या एका जागेसाठी २०२५-२६पर्यंत तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा अशा दोन-दोन लेगच्या (प्रत्येकाच्या मैदानावर एक सामना) सेमीफायनल होत, मग लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एकच फायनल. यालाच प्ले-ऑफ म्हणतात. आता २०२४-२५चा हिशेब बघा. शेफिल्ड युनायटेड तिसरे, ९० गुण, तेही २ गुण कापले गेल्यानंतर. संडरलँड चौथे, ७६ गुण आणि लीगमधले शेवटचे पाचही सामने हरलेले. फायनलमध्ये ७६व्या मिनिटापर्यंत शेफिल्ड १-० पुढे. मग संडरलँडच्या मायेंडाने बरोबरी साधली, ९५व्या मिनिटाला टॉम वॉटसनने गोल केला आणि संडरलँड वर गेलं. नऊ महिन्यांत कमावलेली १४ गुणांची आघाडी वीस मिनिटांत मातीत.
माझा प्रस्ताव: तिसऱ्या आणि चौथ्यात १० किंवा जास्त गुणांचं अंतर असेल तर प्ले-ऑफ रद्द, तिसरा थेट वर.

कोपऱ्यावरून
असहमत. नियम ऑगस्टमध्ये सगळ्यांना माहीत असतात. दुसरा क्रमांक मिळवला नाही तर वेम्बली, हे माहीत असूनही नंतर गळा काढायचा हा रडीचा डाव झाला. शिवाय प्ले-ऑफ नसते तर मार्चमध्येच आठव्या-नवव्या क्रमांकाच्या संघांचा हंगाम संपला असता. आज एप्रिलच्या शेवटच्या शनिवारीही दहाव्या क्रमांकाचा संघ कधीकधी गणितं मांडत असतो.

मधली फळी
धागाकर्त्यांचा १० गुणांचा नियम इटलीत वापरून झालाय, त्याचं काय झालं तेही बघा. सेरी बी (तिथली दुसरी श्रेणी), २००६-०७. युव्हेंटस पहिले. शेवटच्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे नापोली आणि जेनोआ आमनेसामने. चौथ्या पियाचेन्झाशी तिसऱ्याचं अंतर १० राहिलं तर प्ले-ऑफच नाही. सामना ०-० सुटला, पियाचेन्झाचीही बरोबरी झाली आणि नापोली, जेनोआ दोघेही वर. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. पण नियमच असा की दोघांनाही गोल करण्याची गरज उरली नाही. आणि पाचव्या-सहाव्या संघाचं भवितव्य चौथ्याच्या निकालावर लटकलेलं! समजा सहाव्याने आपला सामना जिंकला, चौथा हरला, अंतर १० झालं, म्हणून सहाव्याचा प्ले-ऑफ गेला. हे कुठल्या न्यायात बसतं?

गोलफरक
मुद्दा मान्य, अंतराची मर्यादा अशी फसू शकते. (तिथे नंतर ती मर्यादा वाढवली, हे पुरेसं बोलकं आहे.) तरी प्रश्न उरतोच. तिसरा येण्याचं बक्षीस नेमकं काय?

आकडेमोड
२०११ ते २०२५ या १५ चॅम्पियनशिप प्ले-ऑफचे विजेते मोजले:
तिसरे ६: स्वॉन्झी, वेस्ट हॅम, नॉरिच, फुलम (२०१८), ब्रेंटफर्ड, ल्यूटन.
चौथे ६: क्यूपीआर, हल, फुलम (२०२०), फॉरेस्ट, साउथॅम्प्टन, संडरलँड.
पाचवे ३: पॅलेस, हडर्सफिल्ड, ॲस्टन व्हिला.
सहावे शून्य. शेवटचं उदाहरण २०१०चं ब्लॅकपूल.
म्हणजे 'लॉटरी' हा शब्द चुकीचा. सहाव्याला दार उघडं दिसतं, पण आत शिरता येत नाही. मात्र तिसरा आणि चौथा सारखेच, हे धागाकर्त्यांच्या बाजूने जातं.

कोपऱ्यावरून
बक्षीस आहे की. दुसरा लेग आपल्या मैदानावर, जादा वेळ आणि पेनल्टीही तिथेच. २०२३ची लीग वन (तिसरी श्रेणी) सेमीफायनल आठवा. शेफिल्ड वेन्सडे (युनायटेडहून वेगळा क्लब) ९६ गुणांवर तिसरे, पीटरबरो ७७ वर सहावे. पहिला लेग पीटरबरोत ०-४. सगळ्यांनी श्राद्ध घातलं. परतीच्या लेगमध्ये हिल्सबरोवर, वेन्सडेच्या मैदानावर, त्यांचे तीन गोल झाले आणि ९८व्या मिनिटाला लियम पामरचा चौथा. जादा वेळेत वेन्सडेचाच स्वयंगोल, मग पॅटरसनने पुन्हा बरोबरी आणली, एकूण ५-५, आणि पेनल्टीवर ५-३. हा लेग पीटरबरोत असता तर?

मधली फळी
हेच उदाहरण उलटंही वाचता येतं. १९ गुण जास्त मिळवलेल्या संघाला ९८व्या मिनिटाला जीव वाचवून वर पेनल्टीही माराव्या लागल्या. इटलीतली दुसरी सोय उचला, ती जास्त शहाणी आहे: सेमीफायनलची एकूण गोलसंख्या बरोबरीत सुटली तर गुणतक्त्यात वरचा संघ पुढे. जादा वेळ नाही, पेनल्टी नाही. पामरचा गोल झाला, शिट्टी वाजली, वेन्सडे वेम्बलीला. खेळही बदलतो: खालच्या संघाला पहिल्या लेगमध्ये ०-० वर समाधान मानता येत नाही, कारण पुढची बरोबरीही त्याला बाहेर काढते. आज तो घरच्या मैदानावर दहा जण चेंडूमागे ठेवतो.

वेम्बलीवारी
आणि परतीच्या लेगमध्ये वरचा संघ ०-० साठी चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढेल, ते बघायला कोण जाणार? २०२५ची संडरलँड-कॉव्हेंट्री सेमीफायनल घ्या. एकूण २-२, आणि १२२व्या मिनिटाला कॉर्नरवर संडरलँडच्या बॅलर्डचं हेडर, क्रॉसबारला लागून आत. तुमच्या नियमाने संडरलँड तसंही पुढे गेलं असतं, फक्त तो गोल झाला नसता.
कुणाला नॅशनल लीगचा (इंग्लंडची पाचवी श्रेणी) नमुना हवा असेल तर: तिथे एकच थेट बढती, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला सरळ सेमीफायनल, घरच्या मैदानावर, एकच सामना. २०२३मध्ये नॉट्स काउंटी १०७ गुणांवर दुसरे होते, तरी बोरम वूडविरुद्ध ०-२ वरून जादा वेळेत ३-२ करावं लागलं आणि फायनल पेनल्टीवर. सवलत दिल्याने छळ थांबत नाही.

आकडेमोड
अवांतर, पण महत्त्वाचं. चॅम्पियनशिपच्या साखळी सामन्यांत व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा रेफरी) नसतो, फायनलला असतो. २०२५मध्ये १-० असताना हॅरिसन बरोजने व्हॉली जाळ्यात मारली, संडरलँडच्या गोलरक्षकासमोर ऑफसाइडमध्ये शेफिल्डचा खेळाडू उभा, रेफरी मॉनिटरपाशी गेले, गोल रद्द. निर्णय नियमाला धरून होता. पण तोच गोल साखळीत बहुधा टिकला असता. ४६ सामने एका पद्धतीने खेळवायचे आणि सर्वांत महागडा दुसऱ्या.

गोलफरक
१० गुणांचा प्रस्ताव मागे घेतो. मधली फळी यांची बरोबरीवाली सूचना फक्त सेमीफायनलला लावा, फायनल आहे तशी राहू दे. वेम्बलीवारी, वेळ काढण्याचं म्हणाल तर वरचा संघ आजही पहिला लेग जिंकला की तेच करतो.

वेम्बलीवारी
करतो. पण तेव्हा त्याने ती आघाडी जिंकलेली असते. तुम्ही ती सामन्याआधीच हातात देताय.