अँट पास देत नाही म्हणणाऱ्यांनो, ती चौथी मॅच परत बघा

पहाटेचा प्रेक्षक, पणजी
आज NBA मधल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) मिनेसोटाच्या स्टारबद्दल, म्हणजे आपल्या अँटबद्दल, एक पोस्ट वाचली, "अँथनी एडवर्ड्स स्वार्थी आहे, बॉल हातात आला की थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) फेकतो, बाकीचे चौघे नुसते उभे." राहवलं नाही म्हणून लिहितोय. 2025 च्या प्लेऑफमधली ओक्लाहोमाविरुद्धची चौथी मॅच आठवा, आपल्याकडे सकाळी सहाला लागलेली. त्यांचा डिफेंडर डॉर्ट अंगाला चिकटलेला, मागे दुसरा तयार, आणि पोरगा पास देत राहिला. फक्त 13 शॉट, 16 पॉइंट. टीममधले अलेक्झांडर-वॉकर, मॅकडॅनियल्स, डिव्हिन्चेन्झो, तिघेही वीसच्या वर गेले ते कोणामुळे? 126-128 ने हरले आणि तेव्हा हेच लोक ओरडत होते, स्टार आहेस तर मार ना! मारला तर स्वार्थी, दिला तर घाबरट. तेव्हा 23 वर्षांच्या असलेल्या पोराने करायचं काय?

फोंड्याचा लेफ्टी
पास दिला म्हणजे वेळेवर दिला असं होत नाही. हा ड्रिबल करत बसतो, तोवर डिफेन्स जागेवर येतो, मग पास, आणि घेणाऱ्याकडे शॉट क्लॉकचे (शॉट घ्यायच्या वेळेचे) तीन सेकंद. त्या सीझनला 811 थ्री मारले, 320 गेले, लीगमध्ये सगळ्यात जास्त, कबूल. पण रिमकडे (रिंगकडे) निघाला की याला अडवणारे किती? बाहेरून मारत बसलास की फ्री थ्रो मिळत नाहीत आणि समोरचा सेंटर आरामात उभा.

पहाटेचा प्रेक्षक, पणजी
आत जायला जागा कुठे आहे रे? टीममधला टाउन्स न्यूयॉर्कला गेला, बाहेरून मारणारा मोठा माणूस गेला. टीमच्या सेंटरला, गोबेरला, बाहेर कोणी गार्ड करत नाही, त्याला धरणारा माणूस पेंटमध्येच (रिंगखालच्या भागात) उभा असतो.

माजी पॉइंट गार्ड, म्हापसा
2007 च्या प्लेऑफला क्लीव्हलँडच्या लेब्रॉनने डेट्रॉइटविरुद्ध पहिल्या मॅचला शेवटच्या सेकंदांत कॉर्नरमध्ये मोकळ्या डॉन्येल मार्शलला पास दिला, मार्शलचा शॉट चुकला, लोकांनी शिव्या लेब्रॉनला घातल्या. त्याच सिरीजच्या पाचव्या मॅचला 48 पॉइंट मारले, टीमचे शेवटचे 25 एकट्याचे, मग तोच देव. बरोबर पास बरोबरच असतो, गेला नाही तरी. आमच्या शाळेत सर सांगायचे, उंच पोराला दे आणि बाजूला हो. मी एकदा स्वतः मारला, बसला पण, तरी उरलेली मॅच बेंचवर काढली. अजून राग येतो.

डिचोलीकर
सरांचं सोडा, खेळायचं कुठे ते बोला. आमच्याकडच्या कोर्टावर मे महिनाभर लग्नांचे मंडप, रिंगला जाळी नाही, खिळे पायात घुसतात. फुटबॉलची टर्फ मात्र गल्लोगल्ली, तासाला पैसे मोजा आणि खेळा. पोरं शॉट सिलेक्शन शिकणार कुठून?

सासष्टीचा डिफेंडर
फुटबॉलला मध्ये आणू नका. टर्फ लोकांनी स्वतःच्या पैशांनी केलीत. तुमच्या कोर्टावर संध्याकाळी चार पोरं तरी येतात का?

डिचोलीकर
मंडपात येऊन काय जेवणार? माझी मुलगी पार्किंगमध्ये भिंतीवर बॉल मारून प्रॅक्टिस करते, आणि तुम्ही मला पोरं मोजायला सांगता?

सासष्टीचा डिफेंडर
मुलीचं वाईट वाटलं, खरंच. मंडपाविरुद्ध लिहून दिलंत तर मी सही करीन. टर्फवरचं मत बदलणार नाही.

फोंड्याचा लेफ्टी
अहो, मूळ विषय! टाउन्सचं कारण अर्धं मान्य, अँटचे मॅचमागे असिस्ट (बास्केट होणारे पास) 5.1 वरून 4.5 वर आले ते त्याच सीझनला. उरलेलं अर्धं ड्रिबलवर. डबल टीम (अंगावर दोन डिफेंडर) यायच्या आधी, पहिल्या दोन ड्रिबलमध्ये ठरव, आत जायचं की द्यायचं.

माजी पॉइंट गार्ड, म्हापसा
डॉर्टसमोर दोन ड्रिबल तू घालून दाखव.

फोंड्याचा लेफ्टी
मी नाही, पण त्याला त्याचेच पैसे मिळतात.

डिचोलीकर
अर्ज आज रात्री लिहितो. सही करणाऱ्यांनी नावं कळवा.