उत्तर: जुन्या ट्रॅक्टर ट्रकचं मोटरहोम

जुना ट्रॅक्टर ट्रक (मागे ट्रेलर जोडून ओढणारं ट्रकचं मुंडकं) घेऊन त्याचं मोटरहोम करायचं आणि त्याला आरव्ही ट्रेलर (चाकांवरचं राहायचं घर) जोडायचा, या प्रश्नावर सगळे इंजिनावरच बोलताय, पण वर कुणीतरी "एवढा ओढणारा ट्रक, आरव्ही म्हणजे किस झाड की पत्ती, ब्रेकचं टेन्शन कशाला" असं लिहिलंय ना, खरी गोम तिथेच आहे. हे ट्रॅक्टर लोड असतानाच नीट थांबतात, रिकामे असले की मागच्या चाकांवर वजनच नसतं, ती उड्या मारतात, लॉक होतात आणि थांबायला उलट जास्त अंतर लागतं. त्यात आरव्ही ट्रेलरचे ब्रेक सहसा इलेक्ट्रिक आणि ट्रकचे एअर (हवेच्या दाबावर चालणारे), म्हणजे मधे ट्रकचं एअर प्रेशर ओळखून ट्रेलरचे ब्रेक लावणारा कंट्रोलर लागणारच.

मागच्या दोन अ‍ॅक्सलपैकी एक काढायचा विचार बरा आहे, टायर कमी, वळण छोटं, पण दोनातल्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये पॉवर डिव्हायडर (इंजिनाची ताकद दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये वाटणारा भाग) असतो म्हणून बरेचजण मागचा ठेवून तोच पुढे घेतात, मग गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टची लांबी-बॅलन्सिंग आलंच, आणि हे काम ओळखीच्या वेल्डरला देऊ नका प्लीज. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ट्रकऐवजी एअर सस्पेन्शनवालाच शोधा, नाहीतर ट्रेलरमधली कपाटं खिळखिळी होतील.

ट्रक 24 व्होल्टचा असेल तर फ्रिज-लाइटसाठी दोनातल्या एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढायचा जुगाड बरेच करतात, तसं केलं की एक बॅटरी उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज, दोन्ही जातात, सरळ 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर टाका. आणि हो, मोटरहोम म्हणून नोंदणी होते का, इन्शुरन्स कोण देतं, हे ट्रक घ्यायच्या आधी विचारा.