निपाणी भागात बायका कॅन्सरच्या तपासणीला येत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी निपाणीजवळच्या एका गावात महिला बचत गटाचं काम बघते. आमच्या बहुतेक बायका घरी विड्या वळतात, नाहीतर तंबाखूच्या वखारीत जातात. मशेरी घरोघरी. तरी गावच्या शाळेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोफत तपासणी ठेवली तेव्हा मोजक्याच आल्या. त्यांनीही बीपी-शुगर बघून घेतली आणि घर गाठलं.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर प्रत्येकीची ही तपासणी व्हायला हवी. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतली होती. स्तनाची तर एक टक्काही नाही.

नंतर मी घरोघर फिरून विचारलं. "मला काय झालंय म्हणून जाऊ?" हे तर सगळीकडंच. "नसतं दुखणं कशाला उकरून काढायचं", "पोरीचं लग्न ठरायचंय, आत्ता नको". एक मावशी मांडीवर सूप घेऊन कात्रीनं पान कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "निघालं तर पुढं कोण बघणार, ते सांग आधी. हजार विड्यांमागं मजुरी हाय आमची. बेळगावला खेपा घालत बसले तर चूल कोण पेटवणार?"

मला उत्तर देता आलं नाही. बायका अडाणी आहेत, घाबरट आहेत असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मावशींचा प्रश्न रास्त आहे.

शिवाय शाळेत नाव पुकारून आत बोलवत होते आणि व्हरांड्यात अर्धं गाव उभं. फॉर्म कन्नडमध्ये. पाळीबद्दलचे प्रश्न एका शेजारच्या मुलानं मराठीत सांगितले. कुठली बाई उत्तर देईल?

कुणी गावात हे काम केलं असेल तर सांगा:
बायकांना विश्वास वाटेल अशी तपासणी कुठं आणि कशी ठेवावी? आणि ज्यांना पुढं पाठवायचं त्यांच्याबरोबर कोण जातं, खर्च कसा निभावतो?

प्रतिसाद १
ताई, मी खानापूर तालुक्यात नर्स आहे. तिन्ही तपासण्या एकदम मांडू नका. आधी तोंडाची करा. बॅटरीच्या उजेडात दोन मिनिटांत होते, कपडे काढायचे नाहीत, पुरुषांनाही बसवता येतं. पांढरा-लाल चट्टा, भरत नसलेली जखम आणि उभी तीन बोटं तोंडात मावतात का, एवढं बघायचं. नवऱ्याची तपासणी झाली की बायकोला अडवणं कमी होतं, हा माझा अनुभव.

गर्भाशयमुखाची तपासणी अंगणवाडीत, पाच-सहा जणींच्या गटात, बाई कर्मचाऱ्याकडूनच. पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरं होतंय का बघायचं, निकाल तिथंच कळतो. हे आधी सांगितलं तर भीती निम्मी जाते. पाळी चालू असताना करत नाहीत, म्हणून तारीख प्रत्येकीला विचारून द्या. पन्नाशी ओलांडलेल्यांत ही पद्धत तितकी भरवशाची नाही, त्यांच्याबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारा.

प्रतिसाद २
मी बार्शीचा. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यातल्या लाखावर बायकांचा मोठा अभ्यास झाला होता, निष्कर्ष २००९ साली आले. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर ज्यामुळं होतो तो विषाणू. एकदाच केलेल्या त्याच्या चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या बायकाही शेतात राबणाऱ्याच. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकते, जागतिक आरोग्य संघटनेचीही त्याला मान्यता आहे. तुमच्या जिल्ह्यात ती सोय मिळते का, विचारून बघा. आणि "कॅन्सर तपासणी" असा फलक लावू नका हो, त्यानंच निम्म्या बायका परततात.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. तोंडापासून सुरू करायचं हे पटलं. वखारीच्या मुकादमाशी बोलते, मजुरी न बुडता जेवणाच्या सुट्टीत जमेल. मराठी बोलणारी आशाताई पलीकडच्या गावात आहे, तिलाही बोलवते. गटाच्या शिलकीतून पहिल्या खेपेचं एसटीभाडं देता येईल, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं काय? आमच्याकडून कोल्हापूर जवळ पडतं. कर्नाटकाचं बीपीएल कार्ड घेऊन तिकडं कुणी उपचार घेतलेत का? कागद कोणते लागले, तेवढं कृपया लिहा. मावशींना ते सांगायचंय.