हेरिटेज वॉक सुरू करा म्हणणाऱ्यांना उत्तर (कोरोनाकाळ, ऑक्टोबर २०२१)

नौपाड्याची
काल इथे कोणीतरी लिहिलं: "मॉल उघडले, लशीचे दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकल मिळाली, ७ ऑक्टोबरला देवळंही उघडली. मग ठाण्यातल्या जुन्या जागा लोकांना चालत फिरून दाखवणारे वॉकवाले स्वयंसेवकच घरी का बसलेत? कामचुकारपणा, दुसरं काय!" वाचून डोकं सणकलं. मॉलमध्ये कोणी तुमच्यासमोर दोन तास घसा ताणून बोलत नाही. कौपिनेश्वराच्या देवळात, सभामंडपात पंचवीस माणसं नंदीभोवती कोंडाळं करतात, ऐकू येत नाही म्हणून मागचे पुढे घुसतात. बाहेर तलावपाळीवर, मासुंदा तलावाच्या काठी, रिक्षांचे हॉर्न थांबत नाहीत. आवाज चढवला की गाइडचा मास्क आधी नाकाखाली येतो, मग हनुवटीवर. कोरोना हवेतून पसरतो, आणि मोठ्याने बोलणाऱ्याच्या तोंडून जास्तच. आमच्यातले एक काका दुसऱ्या लाटेत गेले. कोणाला कामचुकार म्हणताय?

घोडबंदरकर
पोस्ट माझीच. काकांचं ऐकून वाईट वाटलं. कामचुकार हा शब्द मागे घेतो, बाकीचा एकही नाही. साठीच्या वरच्यांना १ मार्चपासून लस मिळतेय. माझी मुलगी दीड वर्षं मोबाइलवर शाळा करतेय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्यात आली, हे तिने पाठ केलंय. स्टेशनात उभं करून तिला ते कोणी सांगितलेलं नाही. उघड्यावर धोका कमी असतो, हेही सांगा की!

येऊरवाला
मी सदुसष्ट वर्षांचा. "काका, तुम्ही घरी बसा" हे ऐकून कान किटले. आमचे दोन्ही डोस कधीच झाले. उलट तरुण पोरंच कोविशिल्ड लशीच्या दोन डोसांमधल्या ८४ दिवसांच्या अंतरात अडकलीत. वयावरून कोणाला बाजूला काढू नका. येऊरच्या जंगलातल्या पायवाटेवर माणसं ओळीनेच चालतात, तिथे मी उद्या यायला तयार आहे.

नौपाड्याची
काका, दोन डोस झाले तरी कोरोनाचा डेल्टा प्रकार होतो आणि दुसऱ्याला देताही येतो. तुम्ही वाचाल, घरी काकूंचं काय?

ऐरोली खाडी
मूळ दुखणं कोणी बोलतच नाही. खाडीतले फ्लेमिंगो पक्षी बोटीतून दाखवायला पहाटे उठून आम्ही जायचं, माणशी फी आयोजकांनी घ्यायची, आम्हाला वडापाव आणि प्रमाणपत्र. आता म्हणे सॅनिटायझरही स्वतःचं आणा. बोटीत खेटून बसलेली माणसं, आणि माझी स्वतःची दुर्बीण सगळ्या बोटीत हातोहात फिरते. प्रत्येकाच्या डोळ्याला लागते. सारखी स्पिरिटने पुसली तर भिंगावरचा थर खराब होतो. आजारी पडले तर दवाखान्याचं बिल कोण भरणार?

घोडबंदरकर
पैसे हवे असतील तर नोकरी करा. स्वेच्छेने आलात ना? विषय भरकटवू नका.

ऐरोली खाडी
घरी राहिलो की कामचुकार, मानधन मागितलं की लोभी! तुम्ही एकदा तरी भरतीची वेळ बघून, चार वाजता उठून, अनोळखी लोकांच्या पोरांना सांभाळलंय का?

कळवेकर
मी आयोजनात असतो, म्हणून बोलतो. बोटीचं भाडं, चहा, छपाई यातच फी संपते. कोणी बंगले बांधलेले नाहीत.

ऐरोली खाडी
मग हिशेब मांडा. दर वर्षी मागते, दर वर्षी "पुढच्या बैठकीत" ऐकते.

येऊरवाला
तिचं बरोबर आहे. मीही मागितला होता, मलाही मिळाला नाही.

कळवेकर
तुम्हीपण, काका? लॉकडाऊनमध्ये एक रुपया आला नाही, तेव्हा कोणी विचारायला आलं नव्हतं. ठीक आहे, मांडतो हिशेब. मग निदान वॉकबद्दल बोलाल?

नौपाड्याची
बोलते. कमरेला लावायचा स्पीकर आणि माइक द्या, म्हणजे मास्क न काढता बोलता येईल. दहाच माणसं. सभामंडपात शिरायचं नाही, देवळाची माहिती मासुंदा तलावाच्या कडेला उभं राहून सांगायची. ज्याला यायचं नाही त्याला फोन करून टोचायचं नाही. एवढं असेल तर मी येते. आनंदाने नाही, पण येते.

घोडबंदरकर
दहा म्हणजे माझ्या मुलीचा नंबर दिवाळीनंतरच लागणार. असो, दहा तर दहा. स्टेशनचा वॉक आधी घ्या.

ऐरोली खाडी
माझी दुर्बीण बोटीत फिरणार नाही, ज्याने त्याने आपली आणायची. आणि माइकचे पैसे फीमधून येणार की पुन्हा आमच्याच खिशातून, तेवढं कळवेकरांनी आधी लिहून द्यावं.