मदत हवी आहे: विंडोज ११ प्रोवरून जुना नॅस उघडत नाही, घरच्या लॅपटॉपवरून मात्र उघडतो

कुलरची_टाकी:

नागपुरात महालात आमचा फोटो स्टुडिओ आहे. सगळा साठा एका दोन खणांच्या नॅसवर आहे, म्हणजे राउटरला वायरने जोडलेला डबा, आत दोन-दोन टीबीच्या हार्ड डिस्क, एकीची नक्कल दुसरीवर. त्यात वडिलांच्या निगेटिव्हचे स्कॅन आहेत, गिऱ्हाइकांची लग्नं-मुंजी आहेत आणि तान्ह्या पोळ्याला निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतीचे, म्हणजे पुतळ्यांच्या मिरवणुकीचे, वर्षानुवर्षांचे फोटो आहेत. लग्नाचे फोटो एकवेळ गिऱ्हाइकाकडेही सापडतील, मारबतीचे आणखी कुठेच नाहीत. डबा २०१२ च्या सुमाराचा. कंपनीने ते मॉडेल कधीच वाऱ्यावर सोडलंय, नवीन फर्मवेअर येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुनं मशीन ११ घेईना, म्हणून नवीन कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. विंडोज ११ प्रो, आवृत्ती २४एच२. तेव्हापासून नॅस बंद.

काय काय होतंय ते सांगतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’मध्ये डबा दिसतच नाही. नावाने उघडायला गेलो तर ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’, शेवटी ८००७००३५. आयपी पत्ता टाकला तर वेगळाच निरोप: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न पटलेल्या पाहुण्याला प्रवेश नाही. संस्था कुठली? स्टुडिओत मी, एक मदतनीस आणि कुलर.

असेंबल करून देणाऱ्या मुलाने ग्रुप पॉलिसीत जाऊन ‘इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन्स’ चालू केलं. त्यानंतर तो निरोप गेला आणि ‘क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर इनव्हॅलिड’ असा दुसरा आला. आता तो म्हणतो डबाच म्हातारा झाला, नवीन घ्या.

पण घरचा लॅपटॉप स्टुडिओत आणला, त्याच वाय-फायवर, त्यावर विंडोज ११ होम आहे आणि आवृत्तीही २४एच२ च. त्यावर डबा पासवर्ड न विचारता झटकन उघडतो. मोबाइलवरही उघडतो. डब्यावरचे दोन्ही दिवे हिरवे, पंखा नेहमीसारखा घुरघुरतो. मग म्हातारा कोण झाला?

---

तर्रीपोहे:

काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? कंट्रोल पॅनेलात जा, ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा, ‘एसएमबी १.०’ (नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची जुनी भाषा) वर टिक मारा, रीस्टार्ट करा. झालं काम. जुन्या डब्याला मी त हेच करतो.

---

उंबरठा:

तर्रीपोहे, हे औषध या दुखण्याचं नाही.

एसएमबी १ मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून, विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, आपणहून देणं बंद केलं. त्याच वर्षी मे महिन्यात खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबीतल्या भोकातून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण ज्यांनी टाकली नाही त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. ज्या मशीनवर गिऱ्हाइकांचे फोटो आहेत तिथे हे दार उघडं ठेवायला मी तरी सांगणार नाही.

शिवाय उपयोगही नाही. धागाकर्त्याचा होमवाला लॅपटॉप डबा उघडतोय. त्यावर एसएमबी १ मुद्दाम टाकलं नसेल, तर डबा एसएमबी २ बोलतोय. मग प्रोवर १ चालू केलं तरी दोघं आपसात २ वरच बोलणार आणि तिथेच अडणार.

आणखी एक. एसएमबी १ टाकताना तिथे ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’ अशी वेगळी टिक असते. ती तशीच लावलेली राहिली आणि एसएमबी १ पंधरा दिवस वापरात आलं नाही, तर विंडोज ते आपणहून काढून टाकतं. ‘मागच्या महिन्यात चालत होतं हो’ वाल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी हे असतं.

कुलरची_टाकी, लॅपटॉपवर नॅस उघडा ठेवून पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ ही आज्ञा द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत, मध्ये फक्त आडवी रेघ). ‘डायलेक्ट’च्या, म्हणजे एसएमबीच्या आवृत्तीच्या, रकान्यात काय येतंय?

---

कुलरची_टाकी:

२.०.२ आलं. एसएमबी १ वर टिक नाही, आत्ताच बघितलं.

---

उंबरठा:

उत्तम. म्हणजे डबा ठणठणीत आहे आणि वायरही. फरक आहे होम आणि प्रोमध्ये.

२४एच२ पासून प्रोवर दोन गोष्टी पाठोपाठ बदलल्या. पहिली, ‘गेस्ट’ म्हणून आत जाणं बंद. एंटरप्राइझवर हे आधीपासूनच होतं, आता प्रोवरही आलं. दुसरी, समोरच्याने प्रत्येक निरोपावर डिजिटल सही केलीच पाहिजे अशी सक्ती. होमवर या दोन्ही गोष्टी सक्तीच्या नाहीत, म्हणून लॅपटॉप बिनबोभाट आत जातो.

आता तुमचे दोन एरर वाचा. पहिला पाहुण्यावरचा. त्या मुलाने गेस्टला परवानगी दिल्यावर पहिलं दार उघडलं आणि तुम्ही दुसऱ्यावर आदळलात. सही करायला किल्ली लागते आणि ती पासवर्डावरून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, तर सही कशाने करणार? म्हणून ‘सिग्नेचर इनव्हॅलिड’.

बरेच जण इथे पुढचं पाऊल टाकतात आणि सहीची सक्तीही काढतात. चालतं. पण मग त्या मशीनने कुठल्याही सर्व्हरशी बोलताना सही मागायची सोडली, नुसत्या तुमच्या नॅसशी बोलताना नाही. त्यापेक्षा नॅसवर नाव आणि पासवर्ड असलेला युजर तयार करा. एसएमबी २ मध्ये सही येणं हा प्रोटोकॉलचाच भाग आहे, त्यामुळे २०१२ चा डबासुद्धा सही करू शकतो. त्याला फक्त पाहुणा नको, ओळखीचा माणूस हवा.

पण त्याआधी बॅकअप. एकीची नक्कल दुसरीवर हा बॅकअप नाही. एक डिस्क गेली तर दुसरी वाचवते, चुकून डिलीट झालं तर दोन्हीकडून जातं. होमवाला लॅपटॉप अजून उघडतोय ना? मग बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क लावा आणि मारबत सगळ्यात आधी उतरवा. सेटिंगला नंतर हात लावा.

---

सावजी_नको:

उंबरठा यांना अनुमोदन. आणि डबा कुठे ठेवलाय? एप्रिल-मेमध्ये नागपुरात बंद कपाटात नॅस ठेवणं म्हणजे डिस्कचा छळ आहे. कपाटाचं दार काढा.

---

कुलरची_टाकी:

कपाटातच होता. दार काढलं. मारबत आणि निगेटिव्ह बाहेरच्या डिस्कवर उतरले, लग्नं उतरून राहिली आहेत.

पण नॅसचं सेटिंगचं पान नव्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही. सुरक्षित जोडणी करता येत नाही म्हणतो. लॅपटॉपवरही तेच.

---

उंबरठा:

त्या काळातले डबे टीएलएस १.० वर, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या जुन्या पद्धतीवर, अडकलेले असतात आणि ब्राउझरांनी १.० आणि १.१ सोडून दिलंय. पत्त्यात ‘एचटीटीपीएस’च्या जागी साधं ‘एचटीटीपी’ टाकून बघा. बहुतेक डब्यांवर ते पान चालू असतं. घरच्या नेटवर्कपुरतं ठीक आहे, पण नॅसचं पान राउटरमधून इंटरनेटला उघडं केलेलं नाही ना ते आधी बघा. केलेलं असेल तर ते पोर्ट फॉरवर्डिंग आजच काढा.

आत गेलात की नवा युजर करा. नाव साध्या इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नको. त्याला हव्या त्या फोल्डरवर वाचायची-लिहायची परवानगी द्या आणि पब्लिक किंवा गेस्ट प्रवेश बंद करा. गेस्ट बंद केला की लॅपटॉप आणि मोबाइलही पासवर्ड विचारतील, घाबरू नका.

---

कुलरची_टाकी:

साध्या एचटीटीपीने पान उघडलं. पोर्ट फॉरवर्डिंग नव्हतं. युजर केला, परवानगी दिली. गेस्टचं बटण मात्र नुसतं करडं दिसतं, दाबता येत नाही. लॅपटॉपवर नवं नाव-पासवर्ड टाकून चालतंय. प्रोवर पुन्हा तोच सिग्नेचरचा एरर, आणि गंमत म्हणजे नाव-पासवर्ड विचारतच नाही, थेट एरर.

---

उंबरठा:

विचारत नाही यातच उत्तर आहे. विंडोज आधी, न विचारता, तुमच्या स्वतःच्या विंडोज खात्याचं नाव पुढे करतं. नॅसच्या आत साम्बा नावाचा, फायली वाटणारा प्रोग्राम असतो. त्याला ते नाव माहीत नसतं, आणि बऱ्याच कंपन्यांनी त्यात अशी सोय करून ठेवलेली असते की अनोळखी नाव आलं की नकार देऊ नका, पाहुणा म्हणून आत घ्या. म्हणजे नॅस म्हणतो ‘या, बसा’ आणि विंडोज म्हणतं ‘पाहुणा म्हणून मी बसणार नाही’. पासवर्ड विचारायची वेळच येत नाही.

म्हणून विंडोजला आधीच सांगून ठेवायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’, त्यात ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’. या नॅसची जुनी नोंद असेल तर काढा आणि नवीन टाका: पत्त्याच्या जागी नॅसचा आयपी, युजरनेमच्या जागी नॅसचं नाव, उलटी तिरकी रेघ, मग युजरचं नाव. पासवर्ड नॅसचा, विंडोजचा नाही. विंडोज उघडताना टाकता तो पिन तर इथे अजिबात चालत नाही.

मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी विंडोज बोलत नाही आणि जुनी जोडणी मागे लटकत राहते. त्यानंतर आयपीने उघडा, नावाने नाही. राउटरमध्ये तो आयपी नॅसच्या नावावर राखून ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलेल आणि तुम्ही पुन्हा इथे याल.

‘नेटवर्क’मध्ये डबा दिसायची वाट बघू नका. तशी यादी पूर्वी एसएमबी १ च्या आधाराने बनायची. आता वेगळी पद्धत आहे आणि जुने डबे ती जाणत नाहीत. दिसत नाही म्हणजे नाही असं नाही. ड्राइव्ह मॅप करून घ्या.

---

कुलरची_टाकी:

उघडला! झेड ड्राइव्ह म्हणून बसला. मदतनीस पोरगा आल्या आल्या मारबतीचं फोल्डर उघडून बसला.

दोन प्रश्न राहिले. एक, लॅपटॉपवर एसएमबीचा वेग बरा वाटायचा, इथे मोठ्या रॉ फायली चढवताना तो चांगलाच कमी आहे, कॉम्प्युटर वायरने जोडलेला असूनही. दोन, डबा खरंच मेला तर डिस्क काढून सरळ कॉम्प्युटरला लावली की चालेल ना?

---

उंबरठा:

वेग कमी होणार. प्रत्येक निरोपावर सहीचा हिशेब करायचा आणि डब्यातला प्रोसेसर त्या काळातला. नव्या एसएमबी ३ मध्ये सहीची पद्धत हलकी आहे, तुमचा डबा २.०.२ च्या पुढे जाणार नाही. चालू कामाच्या रॉ फायली कॉम्प्युटरच्या एसएसडीवर ठेवा, काम संपलं की नॅसवर टाका. हा डबा साठवणीचा म्हणून अजून चालेल, रोजच्या धावपळीचा नाही. नवा कधी घेणार ते तुम्ही ठरवा, पण ‘म्हातारा झाला’ म्हणून आजच्या आज नको.

दुसऱ्याचं उत्तर: नाही, सरळ चालणार नाही. आतली फाइल सिस्टिम लिनक्सची आहे, विंडोजला ती वाचता येत नाही. डिस्क लावली की विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ किंवा ‘इनिशियलाइज करू का?’ असं विचारेल. तिथे ‘कॅन्सल’च दाबायचं. त्या खिडकीत घाईने ‘ओके’ दाबून लोकांनी शाबूत डिस्क घालवलेल्या आहेत. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून डिस्क वाचता येते, पण ते जाणत्या माणसाकडून करून घ्या.

आणि त्या मुलाने चालू केलेलं ‘इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन्स’ आता परत ‘नॉट कॉन्फिगर्ड’ करा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, नेटवर्क, लॅनमन वर्कस्टेशन, तिथेच आहे.

---

बर्डीवाला:

धाग्यात घुसतोय, माफ करा. बर्डीवर आमचं ऑफिस आहे. नॅस नाही, पण झेरॉक्स मशीन स्कॅन करून कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये टाकायचं ते २४एच२ नंतर थांबलं. हेच कारण का?

---

उंबरठा:

जवळपास हेच, फक्त दिशा उलटी. तिथे मशीन तुमच्या कॉम्प्युटरकडे येतंय आणि प्रो येणाऱ्याकडूनही सही मागतो. आधी मशीनच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ निवडायची सोय आहे का बघा, आणि त्याच्यासाठी कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेलं वेगळं लोकल खातं करा. मशीन फक्त एसएमबी १ च जाणत असेल तर स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मशीनचं मॉडेल टाकून वेगळा धागा काढा, इथे दोन्हींची सरमिसळ होईल.

---

कुलरची_टाकी:

गेस्टचं सेटिंग परत केलं, रीस्टार्टनंतरही झेड ड्राइव्ह उघडतोय. लग्नंही उतरली. माझ्याकडून धागा सुटला.

---

तर्रीपोहे:

होय ना बाप्पा, मी पण दुकानातल्या डब्याचा ‘डायलेक्ट’ बघितला. माझा १.५ दाखवते. आता माझ्यासाठी काही सांगा.

---

उंबरठा:

१.५ म्हणजे एसएमबी १ च. सेटिंगच्या पानात ‘मॅक्स प्रोटोकॉल’ किंवा ‘एसएमबी २ एनेबल’ असं काही सापडतं का बघा. काही डब्यांत ते असतं, पण बंद ठेवलेलं असतं. सापडलं तर वरचं सगळं तुम्हालाही लागू. नाही सापडलं, तर तो डबा एकदाचा रिकामा करून घ्या, आणि तोवर एसएमबी १ ची टिक फक्त कॉपी करण्यापुरती ठेवा.